कच्च्या टाक्यांचा सूट

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. एखादे काका तेल कंपनीतले, एखाद्या काकू औषधांच्या संशोधनातल्या. यंदा नितीन अंकाच्या कमिटीवर आहे. त्याने मला गाठलं.

"अरे, माझं कसलं करिअर?" मी म्हटलं. "सात वर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या."

"काका, तेच लिहा. फक्त आमच्या सुटाबद्दल लिहिलंत तर नावं बदला."

म्हणून बदलली आहेत, नितीनचंसुद्धा. माझं आडनाव आमच्या मॅनेजरच्या जिभेला झेपलं नाही, त्यामुळे दुकानात मी 'मिस्टर के' होतो. इथेही तेच असू दे.

प्लेनोत मी आलो २००१ साली, बायकोच्या शिक्षणावर. शालन मिरजेत नर्स होती आणि इकडे टेक्सासात नर्सा हव्या होत्या. मी आठवी नापास. शाळा सुटली ती मामाच्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसलो आणि पस्तीस वर्षं तिथून उठलो नाही. तिच्या कागदांच्या गठ्ठ्यात मी 'पती' म्हणून एका पानावर होतो. लोक डिग्री घेऊन येतात, मी टेप घेऊन आलो.

हायवेलगतच्या एका दुकानांच्या रांगेत पुरुषांच्या तयार कपड्यांचं मोठं दुकान होतं. तिथे कपडे अंगाला बसवून देणारा फिटर हवा अशी पाटी शालनने वाचली आणि मला आत ढकललं. मॅनेजर रिक. गोरा, पन्नाशीचा, मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा. त्याने एक बाही उसवायला दिली, मी उसवून पुन्हा लावली, त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि फॉर्म पुढे सरकवला. शिक्षणाची चौकट मी कोरी ठेवली. रिकने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच तिथे 'कॉलेज' लिहून टाकलं. म्हणाला, "इंडियन ना तुम्ही? तुमच्यातला बिनडिग्रीचा माणूस मी अजून पाहिलेला नाही." आणि हसत पुढे, "मी स्वतः हायस्कूलच्या पुढे गेलो नाही. तरी बघा, दुकान सांभाळतोय."

मी खाली सही केली. नोकरीची गरज होती आणि माझा स्वभाव भित्रा. घरी शालनला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात का? नाही ना? मग झालं. कपाळावर आठवी लिहिलेली नाही तुमच्या." तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी सात वर्षांत रिकने मला केबिनमध्ये बोलावलं की आधी मला तो फॉर्म आठवायचा.

आता काम काय असतं ते सांगतो. अमेरिकेत सूट शिवत नाहीत, विकत घेतात आणि मग अंगाला लावून घेतात. तीन आरशांसमोर एक बुटका लाकडी चौथरा असतो. गिऱ्हाईक त्यावर उभं राहतं, फिटर खाली गुडघ्यांवर. पँटची लांबी, बाहीची लांबी, मानेमागे कॉलर फुगते का ते पाहायचं आणि टाचण्या मारायच्या. त्या तोंडात धरायच्या. याचा मोठा फायदा असा की तोंडात टाचण्या असल्या की इंग्रजी बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक आरशातल्या स्वतःशी बोलतं, आपण 'हं' म्हणायचं.

गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला दुनिया निराळी दिसते. गिऱ्हाइकाचा चेहरा मला नंतर आठवायचा, आधी कपडा. पहिला नोकरीचा सूट घ्यायला मुलं मे महिन्यात यायची, आईबापांना घेऊन. वर्षा-दीड वर्षात तीच मुलं तोच सूट घेऊन परत आली की मला कळायचं, लागली नोकरी. कारण कंबर सोडायला यायची. खुर्चीत बसून काम, दुपारी बाहेर खाणं, मग पँट आवळते. चांगल्या पँटमध्ये पाठीमागच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड आत दडवलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. ते सोडायचं, नवी शिवण मारायची, झालं. रिक त्याला म्हणायचा 'पगाराची चरबी'.

उलटही कळायचं. ज्याची कंबर आहे तेवढीच राहते, पण कोपरं चकाकतात, पँटची बैठक गुळगुळीत होते आणि मांड्यांवर आडव्या घड्या पडतात, तो माणूस इंटरव्ह्यूसाठी बाहेरच्या खोलीत फाईल मांडीवर घेऊन फार बसलेला आहे. काम करून कपडा असा झिजत नाही, वाट पाहून झिजतो.

नितीन मला भेटला २००२ मध्ये. कॉम्प्युटरवाल्यांच्या नोकऱ्या धडाधड जात होत्या आणि नोकरी गेली की व्हिसाही जाणार, म्हणून पोरं घाबरलेली. हा नागपूरचा, काडीसारखा. दुकानात मला मराठीत फोनवर बोलताना ऐकून जवळ आला.

"काका, एक प्रॉब्लेम आहे. आम्ही चौघं रूममेट आहोत. चौघंही ले-ऑफ. आणि सूट एकच."

"कुणाचा?"

"शिर्केचा. म्हणजे आमच्यातला सगळ्यात जाडा."

मी म्हटलं, जाड्याचा आहे हे बरं झालं, बारक्याचा असता तर उरलेले तिघं घरी बसले असते. मग आमची पद्धत ठरली. ज्याचा इंटरव्ह्यू, तो आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी यायचा. मी कच्चा टाका घालायचो, म्हणजे मशीन न मारता हाताने लांब लांब टाके, ओढले की निघणारे. कंबर मागे चिमटायची, बाह्या आत दुमडायच्या. इंटरव्ह्यू झाला की टाके काढून पुढच्याच्या मापाने पुन्हा. शालन पोहे करायची. मी बजावायचो, "हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. टाके सुटतील."

नितीनलाच नेमकं फळ्यावर काहीतरी लिहून दाखवायला सांगितलं. त्याने हात वर केला आणि काखेत टर्रकन् आवाज झाला. खोलीतले सगळे हसले. हाही हसला, आणि उरलेलं उत्तर डाव्या हाताने काख धरून लिहिलं. तीन दिवसांत फोन आला.

त्या एका सुटात चौघांनाही नोकऱ्या लागल्या. मला फार अभिमान वाटायचा, जणू माझ्याच टाक्यांना लागल्या. मंडळाच्या गणपतीत पोरं माझी ओळख करून द्यायची, "हे आमचे प्लेसमेंट ऑफिसर." हुशार होती, कष्टाळू होती, यात वाद नाही. पण त्याच मांडवात प्रसादाच्या रांगेत एक जण म्हणाला, "शिकलं की मिळतंच हो. ते काळे लोक शिकतच नाहीत, त्याला कोण काय करणार?" मी मान डोलावली होती. तेव्हा मला डेशॉन माहीत नव्हता असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं नाही, माहीत होता. त्याचा सूट तेव्हा माझ्या टेबलावरच होता.

डेशॉन तिशीचा, कृष्णवर्णीय, उंच, खांदे असे की कोट आपोआप बसावा. आमच्याच दुकानातला गडद राखाडी सूट, चांगल्या लोकरीचा. पहिल्यांदा आला तेव्हा बाहीची लांबी. दुसऱ्यांदा कोपरं चकाकायला लागलेली. तिसऱ्यांदा अस्तर फाटलेलं. कंबर तेवढीच. मला 'सर' म्हणायचा, तेही मनापासून, त्याच्या आजीने तसं वळण लावलं होतं म्हणे. पाणी शुद्ध करण्याच्या इंजिनिअरिंगमध्ये दोन डिग्र्या होत्या त्याच्याकडे. काम करत होता विमानतळाजवळ, भाड्याच्या गाड्या धुण्याचं.

एकदा त्याने रिकला विचारलं, शनिवार-रविवारी विक्रीला माणूस हवाय का. रिक नंतर मला म्हणाला, "पोरगा चांगला आहे. पण फार शिकलाय, टिकायचा नाही." रिक दुष्ट नव्हता. मला त्याने दुकानाची किल्ली दिली होती, शालन आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस सुट्टी दिली होती, आणि 'मिस्टर के शिकलेला माणूस आहे' म्हणून मला मुख्य फिटरही केलं होतं. त्याचं मीठ मी खाल्लंय. त्याला एकाच वेळी एकाचं शिक्षण खुपलं आणि दुसऱ्याचं, नसलेलं, आवडलं, हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं.

अस्तर बदलायचं तेव्हा डेशॉन म्हणाला, "सर, गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. शहराच्या पाणी खात्यात. माझंच काम, अगदी माझंच. हे नाही झालं तर मी पुन्हा अर्ज करणार नाही." त्याने हे आरशातल्या स्वतःकडे बघून सांगितलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी 'हं' म्हटलं.

अस्तर काढायचं म्हणजे आतले खिसेही निघतात. खिशातलं सगळं पाकिटात घालून पावतीबरोबर ठेवायचं असा नियम. डाव्या आतल्या खिशात एक घडी केलेला कागद, उजव्यात दुसरा. मला वाटलं, एकच दोनदा छापलाय. पण शिंप्याची सवय, दोन तुकडे हातात आले की एकावर एक ठेवून पाहायचे. खिडकीच्या काचेवर धरले. तर एक मोठा, एक जरा कापलेला. एकावर नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं 'डी' आणि आडनाव. मधल्या दोन-तीन ओळी एकात होत्या, दुसऱ्यात नव्हत्या.

नितीन त्या दिवशी पँट घ्यायला आला होता. मी कागद त्याच्यापुढे धरले. दुसऱ्याचे कागद असे दाखवायला नको होते. तेव्हा सुचलं नाही.

"काका, हे दोन्ही त्याचेच रेझ्युमे आहेत. या शॉर्टवाल्यात फक्त मास्टर्स आहे. पहिलं कॉलेज काळ्या लोकांचं म्हणून फेमस आहे, ते काढलंय. तिथे काळ्या इंजिनिअरांच्या स्टुडंट असोसिएशनचा प्रेसिडेंट होता, तेही काढलंय. आणि डेशॉनचा नुसता डी."

"का पण?"

"नाव आणि कॉलेज वाचून कळतं ना कोण आहे ते. मग बोलवतच नाहीत."

"म्हणजे हे खोटं आहे?"

"खोटं नाही. कमी आहे."

"तुझं नाव तरी कुठे गोऱ्याचं आहे?"

नितीन हसला. "काका, माझं नाव वाचून त्यांना वाटतं, याला कोडिंग येतच असणार. मला सुरुवातीला येत नव्हतं, तरी." मग हसू जरा ओसरलं. "हा माणूस आमच्या चौघांपेक्षा जास्त शिकलेला आहे, यार."

"यातला चांगला कागद कुठला?"

"अर्थात हा मोठा. दोन डिग्र्या, प्रेसिडेंट, सगळं आहे."

इथे माझी चूक झाली. ती मी मराठी माणूस म्हणूनच केली असं मला वाटतं. आमच्या मिरजेत डॉक्टर सोडा, शाळामास्तरही दारावरच्या पाटीवर नावापुढे सगळी अक्षरं लिहितो, आणि एखादी परीक्षा अर्धवट राहिली तर कंसात तेही. शिकलेलं लपवायचं असतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. न शिकलेलं लपवतात, तेवढं मला ठाऊक होतं.

कुठला कागद कुठल्या खिशातला, हे मी विसरलो होतो. नवं अस्तर लावलं, खिसे शिवले. उजवा हात वापरणाऱ्या माणसाचा हात आधी डाव्या आतल्या खिशात जातो. तिथे मी मोठा कागद ठेवला. त्याआधी त्यावर हलकी इस्त्री फिरवली, घडी मोडली, कागद बँकेतल्या नव्या नोटेसारखा झाला. छोटा पाकिटात घालून पिशवीच्या तळाशी. मला वाटलं, आपण त्याच्यासाठी काहीतरी केलं.

गुरुवारी सकाळी डेशॉन गाड्या धुण्याच्या कामावरून तसाच आला, ओल्या बुटांनी. दुकानातल्याच खोलीत सूट घातला. अस्तरावरून हात फिरवून म्हणाला, "सर, हा नव्याहून छान झालाय." आणि गेला.

दोन आठवड्यांनी आला तो बाहीचं एक बटण घेऊन. मी त्याला चौथऱ्यावर उभं केलं, खरं तर बटणाला त्याची गरज नव्हती. विचारलं, "पाणी खातं?"

तो सांगू लागला. अर्जाबरोबर पाठवलेला होता तो छोटा कागद. इंटरव्ह्यू चांगला चालला होता. मग समोरच्याने आणखी एक प्रत मागितली. याने खिशातून काढून दिली, न बघता. डाव्या खिशात नेहमी छोटाच असतो म्हणून. त्या माणसाने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, बोटाने ओळी जुळवल्या, आणि विचारलं, "यातले तुम्ही कुठले?"

"मग?"

"मग आम्ही कळवू म्हणाले." त्याने आरशात टाय सरळ केला. "कळवलं नाही."

मी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर ठेवल्या. सात होत्या. म्हटलं, "कागद मी ठेवला. डाव्या खिशात. मोठा बरा वाटला मला. इस्त्री पण केली."

तीन आरशांत तीन डेशॉन, तिन्ही खाली माझ्याकडे बघत. मला वाटलं, आता रिकला हाक मारणार. मारायलाच हवी होती.

"तुम्हाला वाटलं, जास्त असलेलं बरं," तो म्हणाला.

"हो."

"मलाही तसंच सांगितलं होतं, सर. माझ्या आजीने."

मी खालीच बसलेलो. त्याने विचारलं, "तुम्ही किती शिकलात?"

चार वर्षं रिकच्या कागदावर 'कॉलेज' होतं. मी म्हटलं, "आठवी. नापास."

आधी त्याला कळलं नाही, मग कळलं, आणि तो हसला. कधी नव्हे तो मोठ्याने हसला, चौथरा हलला. रिक पलीकडच्या रांगेतून येतच होता. म्हणाला, "काय चाललंय?"

"हे म्हणतायत, हे आठवी नापास आहेत."

रिकने माझ्या पाठीवर थाप मारली. "ऐकू नका त्याचं. मिस्टर के थट्टा करतोय. यांच्यात सगळे इंजिनिअर असतात." आणि पुढे निघून गेला.

आम्ही दोघं आरशात एकमेकांकडे बघत राहिलो. मी आयुष्यात एकदा धीर करून खरं बोललो होतो, तर ते रिकलाच पटलं नाही. मग मी बटण लावलं. जास्तीचे दोन टाके घातले. दुसरं काय करणार?

त्यानंतर तो बराच काळ आला नाही. मी नोकरीत होतो, माझी किल्ली माझ्याजवळ होती, शालनचं आणि माझं स्वतःचं घर झालं. नितीन आता मॅनेजर झाला, त्याचे स्वतःचे तीन सूट, तिन्हींची कंबर मी सोडली. मे महिने येत-जात राहिले. राखाडी सूट दिसला की मी आधी कोपरं बघायचो. त्या कागदामुळेच त्याचं काम गेलं, की तसंही गेलं असतं, हे मला आजही माहीत नाही. दोन्ही उत्तरांनी मला झोप लागत नाही एवढंच माहीत आहे.

२००७ च्या उन्हाळ्यात एका दुपारी तो दारातून आत आला. हातात तोच सूट. चौथऱ्यावर पँट घालून उभा राहिला आणि मी कंबरेला टेप गुंडाळायच्या आधीच मला दिसलं. हूक लागत नव्हता.

"लागली?" मी विचारलं.

"लागली, सर. एका खासगी ठेकेदाराकडे. पाण्याचे नमुने तपासायचे." जरा थांबून, "बारावीवर घेतात त्या जागी. पण काम पाण्याचंच आहे. माझा वरिष्ठ तेवीस वर्षांचा आहे, त्याला मी रिपोर्ट लिहून देतो."

"अर्जात काय लिहिलंत?"

"सगळं लिहिलं. मोठा कागद." तो हसला. "त्यांनी वाचलाच नाही."

मी मागची शिवण उसवली. पाच वर्षं आत दाबून ठेवलेलं कापड बाहेर आलं. ज्या मुलांची कंबर वर्षभरात सोडतो, त्यांचं आतलं-बाहेरचं कापड एकाच रंगाचं असतं, सोडलेलं कळत नाही. डेशॉनची पँट उन्हाने, धुण्याने, बसण्याने फिकी झाली होती आणि आतलं कापड मात्र दुकानातून आणल्या दिवशी होतं तसं गडद, काळंच म्हणा. नवी शिवण मारल्यावर पाठीमागे मधोमध एक काळी पाचर उभी राहिली, वर रुंद, खाली निमुळती. मी वाफ दिली, ओला फडका ठेवून इस्त्री केली. पस्तीस वर्षं मिरजेत आणि सहा इथे, जेवढं येत होतं तेवढं केलं. रंग काही मिळेना.

त्याने पँट घातली, आरशाकडे पाठ केली, मान वळवून पाहिलं.

"दिसतं का, सर?"

खोटं बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "दिसतं. कोट घातला की झाकतं."

त्याने कोट चढवला, पुन्हा मान वळवून पाहिलं आणि बटण लावलं. बाहेर प्लेनोचं ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग कोट काढायचा नाही."